नान्तेचं सरकारी लग्न

"दात झाक," मी म्हणालो. "इंग्लंडला दात चालत नाहीत."

नान्तेनं तोंड मिटलं, पण डोळ्यांनी हसत राहिला.

"डोळेही हसता कामा नयेत. मीट."

त्यानं खरोखर डोळे मिटले. मी पटकन बटण दाबलं आणि फोटो त्याच्यापुढे धरला. "हा बघ. शवपेटीवर लावायला एक नंबर. आता व्हिसाचा काढू."

"नोंग, तुम्ही ना!" तो इतका हसला की खुर्ची करकरली. नोंग म्हणजे थोरला भाऊ. आमच्या पुंता बांकाल गावातले निम्मे लोक मला नोंग बोयेत म्हणतात, आणि तसं म्हणूनही माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवत नाहीत.

त्यात त्यांची चूक नाही. माझं दुकान नगरपालिकेच्या बरोबर समोर. झेरॉक्स, फोटो, लॅमिनेशन, आणि कुठला कागद कुठल्या खिडकीवर मिळतो हे ज्याला कळत नाही त्याला ते सांगणं. या शेवटच्या कामाचे मी पैसे घेत नाही, त्याऐवजी थट्टा करतो. एकदा नगरपालिकेच्या दारावर मी पाटी लावली होती, 'आज जन्मनोंदणी बंद आहे, कृपया उद्या जन्मा.' दोन बायका ती वाचून खरंच परत गेल्या. नोंदणीच्या खिडकीवर बसणारी एस्तेर तेव्हापासून मला बघितलं की आधी भिंती तपासते.

नान्ते बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला. रुंद खांदे, लालबुंद हात, बोलणं कमी. बायको रोवेना नर्स. लग्न झाल्या झाल्या सौदीला गेली, तिथून इंग्लंडला. सात वर्षांत सुटीवर आली ती मोजक्या वेळा. आणि आता तिनं कळवलं होतं की नवऱ्याला नेता येतं, कागद जमवायला लाग.

"तिथे तुला डिपेंडंट म्हणतील," मी त्याला सांगितलं. "म्हणजे बायकोच्या जिवावर जगणारा."

"मग इथे काय वेगळं म्हणतात?" तो म्हणाला.

असा माणूस. स्वतःवरचा विनोद दुसऱ्याच्या आधी स्वतःच करून टाकणार, म्हणजे मारणाऱ्याचा हात हवेतच राहतो.

कागद जमत गेले. पासपोर्ट झाला. छातीचा फोटो काढून झाला, फुप्फुसं एकदम स्वच्छ निघाली. मी म्हटलं, बर्फात ठेवलेला माल खराब होत नाही. मग राहिला तो दोघं खरोखर नवरा-बायको असल्याचा पुरावा.

"दोघांचे फोटो किती आहेत?"

"लग्नातले. मग ती सुटीवर आली तेव्हाचे, समुद्रावरचे. सगळ्यांत हसतोय आम्ही."

"भांडतानाचा एखादा नाही? भांडतानाचा फोटो बघितला की कुठलाही गोरा साहेब डोळे झाकून शिक्का मारेल. म्हणेल, हो, ही नवरा-बायकोच."

"आम्ही भांडतच नाही, नोंग. वेळ कुठे मिळतो? फोनवर दहा मिनिटं मिळतात, त्यात भांडायचं कधी?"

मी हसलो. तो हसला नाही, पण मी ते तेव्हा मनावर घेतलं नाही.

लग्नाच्या दाखल्यासाठी आम्ही अर्ज केला आणि तीन आठवड्यांनी उत्तर आलं, अशी नोंद आढळत नाही. मी म्हटलं, राजधानीतल्या लोकांना दुपारी झोप येते, दिसलं नसेल. आपण इथलंच मूळ दप्तर बघू. समोर गेलो. एस्तेरनं आधी भिंती बघितल्या, मग माझे हात बघितले आणि मग त्या वर्षीचं जाडजूड पुस्तक काढलं. नोव्हेंबर बघितला. डिसेंबर बघितला. पुढच्या वर्षीचं सगळं बघितलं. मग चष्मा काढला.

"नान्ते, बाळा, आमच्याकडे तुमचं लग्न झालेलंच नाही."

"नांग एस्तेर, तुम्ही जेवायला आला होतात," नान्ते म्हणाला. नांग म्हणजे थोरली बहीण.

"आले होते ना. डुकराचं भाजलेलं कातडं दोनदा घेतलं. पण मी जेवले म्हणून सरकार मानत नाही रे."

ही मला पहिल्यांदा थट्टाच वाटली. मी एस्तेरकडे बघितलं, म्हटलं एवढ्या वर्षांचा सूड घेतेय की काय. पण तिचा चेहरा तसा नव्हता.

लग्न झालं होतं. मी स्वतः साक्षीदार होतो. पहाटेच्या प्रार्थनेला, अजून अंधार असताना, फुलंबिलं फारशी नाहीत, पाहुणे जांभया देतायत, असं चोरून केल्यासारखं लग्न. कारण रोवेनाची थोरली बहीण त्याच वर्षी फेब्रुवारीत उजवली होती. एका वर्षात दोघी बहिणींची लग्नं करायची नाहीत, एकीचं नशीब दुसरी खाते, हे आमच्याकडे दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. पण रोवेनाचं सौदीचं तिकीट जानेवारीचं होतं. थांबायला वेळ नव्हता. तिची आई, नानाय पिलार, महिनाभर रडली आणि मग अचानक तयार झाली. का तयार झाली, ते कोणी विचारलं नाही. बाई तयार झाली हेच पुष्कळ होतं.

आता विचारायला गेलो.

नानाय पिलार दारात बसून सुकटीतले खडे वेचत होती. नमस्कार म्हणून नान्तेनं तिचा हात कपाळाला लावला, मी पण लावला. सगळं ऐकून घेतलं तिनं, आणि खडे वेचायची थांबली.

"कागद माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

"काय?"

"फादरकडून मीच मागून घेतला. म्हटलं, फादर, मी नेऊन देते नगरपालिकेत, तुम्ही कशाला उन्हात जाता. म्हातारा बिचारा, दिला त्यानं. मी ठरवलं होतं, जानेवारी लागला की द्यायचा. सरकारनं जानेवारीत लिहिलं म्हणजे लग्न जानेवारीतलं. नवीन वर्ष. कुणाचं नशीब कुणी खायला नको."

"आणि देवाला दिसलं नाही वाटतं नोव्हेंबरमधलं?" मी म्हणालो.

"देव समजून घेतो. नशीब समजून घेत नाही." म्हातारी माझ्यावर खेकसली. "मग जानेवारीत पोर विमानात बसली. मी दीड महिना अंथरुणाला खिळले. उठले तेव्हा डोक्यातून गेलं होतं. तिला कधी लागलाच नाही तो कागद. नर्सचं लायसन माहेरच्या नावावर, पासपोर्ट माहेरच्या नावावर."

आत बाळ येशूच्या मूर्तीखालच्या कापडात घडी घालून ठेवलेला कागद निघाला. फादरची सही, दोघांच्या सह्या, साक्षीदारांत माझी. फादर जाऊन चार वर्षं झाली होती. कागदाला वाळवी नाही, डाग नाही. मूर्तीनं चांगला सांभाळला होता.

"आता उशिरा नोंदवता येतो का रे?" म्हातारीनं विचारलं.

"येतो की. एक प्रतिज्ञापत्र, साक्षीदारांच्या सह्या, काही दिवस नोटीस बोर्डावर. मग शिक्का."

"मग उद्याच करा." तिनं नान्तेचं मनगट धरलं, सुकटीच्या हातानंच. "ऐकतोस? उद्याच. रोवेनाला विचारत बसू नकोस. तिची सही लागते का?"

"नाही," मी म्हणालो. "तिनं सात वर्षांपूर्वीच केलीय सही."

"मग बरं झालं," म्हातारी म्हणाली, आणि पुन्हा खडे वेचायला लागली. खूप जोरात वेचत होती.

रोवेनाची रात्रपाळी संपते तेव्हा आमच्याकडे दुपार कलते. दुसऱ्या दिवशी नान्तेनं माझ्या दुकानातूनच तिला फोन लावला. नेट माझ्याकडचं बरं. स्पीकरवर लावला, कारण कागदाचं काही विचारलं तर मी सांगायचं होतं. पण मी कसला थांबतो! नान्तेनं तोंड उघडायच्या आधीच मी फोनमध्ये ओरडलो.

"अभिनंदन, मिस रोवेना! सरकार म्हणतंय तुझं लग्नच झालेलं नाही! तुझ्यासाठी मुलगे बघायला सुरुवात करू का? कारखान्यात एक आहे, जरा थंड आहे, पण कष्टाळू आहे!"

 मग ती हसली.

आता, मी जन्मभर लोकांना हसवत आलोय. हसण्यातला फरक मला कळतो. थट्टेला माणूस हसतो ते वेगळं. बाजारात पाकीट हरवलं म्हणून घाम फुटलेला असतो, आणि मग ते दुसऱ्या खिशात सापडतं, तेव्हा माणूस जसा हसतो, तशी ती हसली.

"खरंच, नोंग?" ती म्हणाली. "कुठेच नाही? कसलीच नोंद नाही?"

"घाबरू नकोस," नान्ते घाईनं म्हणाला. "कागद सापडलाय. तुझ्या आईकडेच होता. थोड्याच दिवसांत नोंद होते. तुला काही करायला नको."

पलीकडे कुणीतरी दार लोटल्याचा आवाज आला.

"वेंग?" नान्तेनं तिला दिलेलं लाडाचं नाव. "आहेस ना?"

"आहे." ती आता हसत नव्हती. "एवढी घाई करू नकोस रे. म्हणजे, तुझी किती धावपळ होते. कारखान्यातून रजा काढावी लागत असेल."

"रजा कसली! नोकरीच सोडायची आहे."

"सोडलीस?"

"अजून नाही."

"मग सोडू नकोस. एवढ्यात नको सोडूस." आणि लगेच, "जेवलास का?"

"जेवलो. शेवयांचं बाचोय खाल्लं. तू?"

"खाते आता. झोप येतेय."

फोन बंद झाला. नान्तेनं तो पुसला, खिशात ठेवला, मग उगाच बाहेर काढून परत पुसला.

"थकते बिचारी," तो म्हणाला. "रात्रपाळी."

"हो तर," मी म्हणालो. "रात्रपाळी म्हणजे काय गंमत आहे!"



मी मग घाईला लागलो. कशाची घाई झाली होती मला, कोण जाणे. प्रतिज्ञापत्र टाइप केलं, स्वतः सही केली, दुसरी साक्षीदार बाई मासळीबाजारात गाठून तिची सही घेतली. नोटरीला सांगून ठेवलं. आता आमच्या देशात घटस्फोट नाही हे जगाला माहीत आहे. एकदा का त्या जाड पुस्तकात नाव चढलं, की माणूस मेल्याशिवाय उतरत नाही. कुणी वकील म्हणेल, कागद असो नसो, लग्न ते लग्नच. म्हणू दे. शेवटी हातातला दाखलाच बोलतो. आणि तो दाखला नान्ते एकट्यानं, कुणालाही न विचारता, काढू शकत होता. मला वाटलं, पोराच्या हातात हुकमाचा पत्ता आहे, टाकू दे पटकन.

आठवडाभर तो फिरकलाच नाही. मग एका सकाळी आला, कामावरून सरळ, बुटांतून पाणी गळतंय. मी कागद पुढे सरकवले.

"इथे सही कर. इथे एक. मग नोटरी. दुपारपर्यंत तू पक्का नवरा."

तो बसला नाही.

"त्या दिवशी तुम्ही ऐकलंत ना, नोंग?"

"काय ऐकलं?"

"थट्टा नको."

मी सहीचं पेन खाली ठेवलं.

"मी तिला विचारलं काल. सरळच विचारलं. म्हटलं, मी यायला हवाय का तुला?" तो समोर नगरपालिकेच्या पायऱ्यांकडे बघत होता, तिथे एक जोडपं नव्या बाळाला घेऊन फोटो काढत होतं. "ती म्हणाली, ये ना, तुझा हक्कच आहे. मी म्हटलं, हक्काचं नाही विचारत. मग रडली. खूप वेळ रडली. म्हणाली, तू इतका चांगला आहेस की तुला काही सांगताच येत नाही."

"दुसरं कुणी आहे?"

"विचारलं नाही."

"अरे, पण..."

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं तिनं. ती खोटं बोलत नाही. म्हणून नाही विचारलं."

मला राग आला. तिचा, त्याचा, म्हातारीचा, सगळ्यांचा. "मग सही कर, गाढवा! म्हातारी म्हणते तसं कर. एकदा शिक्का बसला की जाईल कुठे ती? कुठेच जाऊ शकणार नाही!"

"तेच ना," नान्ते म्हणाला. "कुठेच जाऊ शकणार नाही."

त्यानं कागद माझ्याकडे परत सरकवले. मग घसा साफ केला.

"तो दुसरा दाखला कसा काढतात? लग्न झालेलं नाही, असा. तिच्या नावाचा. सगळे कागद काढायला तिनं अधिकारपत्र पाठवलंय ना, तुमच्याकडेच आहे. त्यावर मिळेल ना?"

"मिळत नाही," मी म्हणालो.

"मिळतो. मागे त्या सुताराच्या मुलीला परदेशात लग्न करायचं होतं, तेव्हा तुम्हीच काढून दिला होता."

"आज मशीन बंद आहे."

माझ्या पाठीमागे मशीनमधून कुणाच्या तरी जमिनीचे कागद फडाफड बाहेर पडत होते. नान्तेनं तिकडे बघितलं. मला खोटं ठरवलं नाही. "बरं," म्हणाला, "मग उद्या येतो." आणि निघालासुद्धा. त्या माणसाला मी जन्मभर टोप्या घातल्या, सगळ्या त्यानं हसून घालून घेतल्या. ही पण घालून घेत होता.

"थांब," मी म्हणालो.

अर्ज मी भरला. माझं अक्षर चांगलं आहे म्हणतात, त्या दिवशी आलं तसं आलं. दाखला यायला काही आठवडे गेले. जाड कागद, पिवळसर, खाली शिक्का. रोवेना सान्तोस बेल्यारमिनो हिचा विवाह झाल्याची कोणतीही नोंद आढळत नाही. नान्तेनं तो दोनदा वाचला, वाचताना ओठ हलत होते. मग म्हणाला, "स्पेलिंग बरोबर आहे तिचं," आणि कुरियरच्या जाड पाकिटात घातला.

"सोबत दोन ओळी लिही काहीतरी," मी म्हणालो.

"काय लिहू?"

मला काय माहीत! लोकांचे अर्ज लिहायला मी हुशार. "लिही, सुखी राहा."

"ते तिला कळेलच की," तो म्हणाला, आणि पाकीट चिकटवलं.

मूळ कागद, फादरच्या सहीचा, त्याच्याकडेच होता. त्याचं त्यानं काय केलं ते मी विचारलं नाही. नानाय पिलारला त्यानं सांगितलं की इंग्रजांनी नकार दिला. म्हणाले, तुझं इंग्रजी कच्चं आहे. म्हातारीनं दोन दिवस इंग्रजांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिला खरं कळलं की नाही, देव जाणे. मला वाटतं कळलं, कारण शिव्या देताना ती नान्तेकडे बघत नव्हती.

गावालाही त्यानं तेच सांगितलं. बंदरावर तर लोकांना विषयच मिळाला.

परवा सकाळी मी मासळी घ्यायला तिकडे गेलो होतो. रात्रीच्या होड्या आल्या होत्या, टोपल्या उतरत होत्या आणि नान्ते लोखंडी आकड्यानं बर्फाची लादी ओढत आणत होता. हमालांचा घोळका त्याच्याभोवती.

"काय मिस्टर लंडन! राणीनं घेतलं नाही का आत?"

"त्याला विचारलं म्हणे, हाऊ आर यू, तर हा म्हणाला, दोन लाद्या!"

"तिकडे बर्फ आभाळातून फुकट पडतो रे, तुला कोण पगार देणार!"

सगळ्यांत मोठ्यानं नान्ते हसत होता. मान हलवून, होय होय करत, जणू खरंच त्याच्या तोंडून दोन लाद्या निघालं होतं.

मग एकाला मी दिसलो. "अरे, नोंग बोयेत आला! नोंग, तुम्ही सांगा, तुम्हीच कागद केले होते ना याचे? नक्की काय झालं?"

सगळे वळले. मासळी मोजणाऱ्या बायकासुद्धा थांबल्या. गावातला सगळ्यांत वात्रट माणूस आता काहीतरी फेकणार, म्हणून तोंडं आधीच हसरी झाली होती. मी तोंड उघडलं.

नान्ते माझ्याकडे बघत होता. विनवणी नव्हती त्याच्या नजरेत, काही नव्हतं. नुसतं बघत होता.

मी तोंड मिटलं.

त्यानं लादी उचलून बर्फ फोडायच्या यंत्रात ढकलली. यंत्र घरघरायला लागलं, तशी कुणाची थट्टा कुणाला ऐकू येईना.

"सरका, नोंग," तो ओरडून म्हणाला. "बूट भिजतील."